पेंढ्याचं पाडस

पान्हा फुटायला मूल कुशीत असावं लागतं असं नाही. नुसता आवाज पुरतो. आणि तो आवाज आपल्याच मुलाचा असावा लागतो असंही नाही. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या मनवा रिसबूडला हे ज्ञान झालं ते भर मीटिंगमध्ये. दिघेसरांनी भिंतीवरच्या स्पीकरवर कॅरिबूच्या पाडसाची हाक लावली, घोगरी, घशातल्या घशात अडकलेली, भुकेली. आणि मनवाचा शर्ट दोन्हीकडून भिजला.

तिनं लॅपटॉप उचलून छातीशी धरला.

"ओळखा बरं," दिघेसर म्हणाले, "खरी की आपली?"

टेबलाभोवतीच्या कुणालाच सांगता येईना. मनवालाही नाही, आणि या हाका तर तिनंच जन्माला घातलेल्या.

"आपली!" सरांनी टाळी वाजवली. "मनवाबाई, तुम्ही रजेवर होत्या तेवढ्यात तुमचं लेकरू केवढं मोठं झालं पाहा!"

सगळे हसले. मनवाही हसली. शर्ट गार पडत चालला होता आणि आतून आंबूस वास यायला लागला होता.

बाहेर ध्रुववृत्ताच्या पलीकडचा जून होता. मावळायचं नावच न घेणारा सूर्य, वितळलेल्या बर्फाची डबकी, खुरटं गवत आणि क्षितिजापर्यंत एकही झाड नाही. या उजाड मुलखाच्या पोटात तेल होतं आणि पाठीवर कॅरिबू. म्हणजे रेनडिअरचे रानटी भाऊबंद. वर्षानुवर्षं तिघांचं भांडण चाललेलं. कंपनीला तेल हवं होतं, नदीकाठच्या गावातल्या लोकांना शिकार हवी होती कारण तेच त्यांचं अन्न, आणि सरकारच्या संरक्षण खात्याला कळप जगायला हवा होता. नेमकं जिथं तेल, तिथंच माद्या विणीला येत.

हे भांडण मिटवलं मनवाच्या आवाजयंत्रानं. दिघेसर नागपूरचे, हौशी माणूस. त्यांनी त्याला नाव ठेवलं 'समतोल'. परदेशी सहकारी ते 'सामाटोल' असं म्हणत आणि अभिमानानं म्हणत.

त्यामागचं शास्त्र तसं साधं होतं. कॅरिबूची मादी व्याली की पाडसाला चाटून काढते. त्या पहिल्या चाटण्यात तिच्या मेंदूत दोन खुणा कायमच्या बसतात, पाडसाचा वास आणि पाडसाचा आवाज. हजारोंच्या कळपात पाडस हरवलं तर ती आवाजावरून शोधते आणि जवळ गेल्यावर वासावरून खात्री करून घेते. मनवानं विणीच्या माळावर बोटभर मायक्रोफोन पेरले. नव्या पाडसानं दोन-चार हाका मारल्या की यंत्र त्या शिकून घेई आणि त्याच आवाजात नव्या हाका तयार करी. मग ड्रोनवरून त्या हाका सोडायच्या, पण चहूकडे नाही. टॉर्चचा झोत जसा एकाच माणसाच्या तोंडावर मारता येतो, तसा कानाला न ऐकू येणाऱ्या दोन लहरी एकमेकींत मिसळून आवाजाचाही झोत करता येतो. ज्या मादीवर तो पडे तिला वाटे, आपलं पोर पलीकडं ओरडतंय. ती चालू लागे, खरं पाडस मागोमाग धावे, आणि तेलविहिरीची जागा हळूहळू मोकळी होई. कुंपण नाही, गोळी नाही, हाकारे नाहीत.

आपल्या प्रबंधात मनवानं एक वाक्य लिहिलं होतं आणि ते तिला फार आवडायचं. यात फसवणूक अशी नाहीच, कारण जवळ गेल्यावर वास येत नाही, मादीला दोन मिनिटांत ते उमगतं आणि ती मागच्या पाडसाकडे वळते. थोडी चालते, एवढंच.

"येत्या शनिवारी गावच्या सभागृहात बैठक आहे," दिघेसर म्हणाले. "तिन्ही पक्ष असतील. उत्तरेचा पट्टा आपल्याला मिळतोय. फक्त शास्त्रज्ञ म्हणून तुम्ही सर्वांसमक्ष 'हो' म्हणायचं. करारातच तसं आहे ना, आवाजाच्या तज्ज्ञानं तोंडी ग्वाही द्यायची. एक 'हो', आणि मग जेवण. गावाकडून कॅरिबूचं मटण आहे."

उत्तरेचा पट्टा म्हणजे विणीचा शेवटचा मोकळा माळ.

"पाडसांची मोजणी झाली?" मनवानं विचारलं.

"शरद ऋतूत होते ना, दरवर्षीसारखी. माद्यांच्या गळपट्ट्यांचे आकडे उत्तम आहेत. काय म्हणता, इतक्यात काळजी? बाळंतिणीनं काळजी करू नये हो, दूध आटतं."

---

एडना दारात आली ती रविवारी. गावातली शिकारी बाई, पन्नाशीची, रुंद खांद्यांची. मनवाला ती नावानं कधी हाक मारत नसे; 'आवाजवाली' म्हणायची. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीतून काहीतरी गळत होतं.

"आत येऊ, की इथंच दाखवू?"

मनवानं मागं पाहिलं. सात महिन्यांची निहिरा पाळण्यात झोपली होती. पाळणा कंपनीचा. क्वार्टर्समधल्या प्रत्येक बाळाला मिळायचा. बाळ चुळबुळलं की तो आईच्या आवाजात बोले, गाणं म्हणे. गादीच्या खोळीत आईनं घातलेला टी-शर्ट ठेवायचा, म्हणजे वासही राही. मनवा स्वभावानं धास्तावलेली. कामावर असताना दर थोड्या वेळानं फोनमध्ये डोकावून निहिराचं पोट वरखाली होतंय ना ते बघायची. पाळणा आल्यापासून तिला सलग झोप मिळू लागली होती. टी-शर्ट तिनं स्वतःच निवडून दिला होता, मऊसा निळा.

"इथंच दाखवा," ती हळू आवाजात म्हणाली.

एडनानं पायरीवर बसून पिशवी उघडली. आत मांसाचा गुलाबी-करडा गोळा होता. एडनानं अंगठ्यानं तो दाबला. रक्तात पांढरी धार आली.

"कास," एडना म्हणाली. "काल मारलेल्या मादीची. गळ्यातली बत्ती नारिंगी होती."

ज्या मादीमागे पाडस नाही तिला 'रिती' म्हणायचं, असं ठरलं होतं. रिती मादी ड्रोन ओळखे, तिच्या गळपट्ट्यावरचा हिरवा दिवा नारिंगी होई आणि हाकांच्या झोतानं तिला गावाकडे वळवलं जाई. गावकऱ्यांनी फक्त नारिंगी मारायच्या. त्यामुळे विणारा कळप शाबूत, गावाला मांस, सगळं चोख.

"एखादीचं पाडस लांडग्यानं नेलं असेल," मनवा म्हणाली. "मग काही दिवस दूध राहतं."

"एखादीचं! मी या मोसमात मारलेली प्रत्येक नारिंगी मादी दुभती निघाली. माझ्या दिराच्या, शेजाऱ्याच्या, सगळ्यांच्या. आमच्यात दुभत्या जनावरावर बंदूक उचलत नाहीत. आई असती तर तिनं माझ्या थोबाडीत दिली असती."

"मग ते मांस टाकलंत?"

"वेडी का तू? खाल्लं. चव चांगली होती." एडनानं नाक मुरडून पिशवीकडे पाहिलं. "तीच तर घाण आहे. कळप दाराशी येतो, पायपीट नाही, गावात सगळे खूश. मी बोलले तर म्हणतात, तुला फुकटचं पचत नाही."

"दिघेसरांना दाखवलंत?"

"त्याला काय दाखवू? त्याच्या अंगावर कोण पितं? तुझ्या पितं. म्हणून तुझ्याकडे आले."

आत निहिरा चुळबुळली. मनवा वळणार तोच पाळण्यातून तिचाच आवाज आला, प्रेमळ, अजिबात न दमलेला, "झोप गं माझी सोनुली." निहिरा गप्प झाली.

एडनानं आवाजाच्या दिशेनं पाहिलं, मग मनवाच्या मिटलेल्या ओठांकडे.

"तू बोललीस?"

"नाही. पाळणा."

एडनानं पिशवीला गाठ मारली.

---

दुसऱ्या दिवशी मनवानं निहिराला नवऱ्याकडे ठेवलं आणि एडनाच्या मोठ्या चाकांच्या उघड्या गाडीतून ती उत्तरेच्या पट्ट्यावर गेली. डासांचे थवे तोंडावर जाळीसारखे बसत होते. एडना वाटेत एकदाच बोलली.

"तुमच्याकडे डास असतात?"

"असतात. पण ते तरी माणसाला भितात."

माळावर पोचल्या तेव्हा आधी आवाज आले. हाका. मनवाची छाती लगेच दुखायला लागली. आज तिनं आत जाड कापड घातलं होतं. मग दिसली ती पाडसं. गुडघे अजून नीट न सरावलेली, तांबूस, एकेकटी उभी. डोळ्यांच्या कडांना डास चिकटलेले. त्यातलं एक तडमडत मनवाकडे आलं आणि तिच्या जाकिटाचं टोक तोंडात धरून चोखायला लागलं. खरखरीत जीभ, उपाशी घशाचा चोखण्याचा आवाज. मनवाला त्याला ढकलवेना आणि जवळही घेववेना. पलीकडे काही पाडसं आडवी होती. त्यांच्याकडे तिनं एकदाच पाहिलं. दोन-तीन अंगांवर कातडंच नव्हतं. नीट, सुरीनं काढून नेलेलं.

"हे लांडग्याचं काम नाही," मनवा म्हणाली.

"लांडगा कातडं सोलत बसत नाही," एडना म्हणाली. "ते बघ."

उंचवट्याच्या आड एक मादी उभी होती, मान खाली घालून, गवतात बसलेल्या आपल्या पाडसाला चाटत. चाटता चाटता घशात हुंकारत होती. तिची कास तटतटून गळत होती. पाडस मात्र जागचं हलत नव्हतं. दोघी आणखी जवळ गेल्या. पाडसाच्या कपाळावरचे केस चाटून चाटून गेले होते, आणि त्या टकलाखाली धातूची जाळी चमकत होती. जाळीतून हाक आली. खरी की आपली, ओळखा बरं.

मनवा वळून गवतात ओकली.

तिला समोरचं दिसतच नव्हतं. फलटणजवळचा मामाचा गोठा दिसत होता. आठ वर्षांची होती ती. म्हशीचं रेडकू दगावलं होतं आणि म्हैस पान्हा सोडेना. मामानं रेडकाचं कातडं सोलून वाळवलं, आत पेंढा भरला, शिवलं आणि काठ्यांच्या पायांवर म्हशीपुढं उभं केलं. म्हैस ते चाटत राहिली. शिवणीतून पेंढ्याच्या काड्या बाहेर आल्या होत्या. म्हशीच्या जिभेला त्या चिकटत होत्या. आणि खाली मामा धारा काढत होता. त्या संध्याकाळी मनवानं दूध प्यायलं नव्हतं.

हीच गोष्ट तिनं रजेवर जाण्याआधी मेसमध्ये जेवताना सांगितली होती, पोटावर हात ठेवून, हसत हसत. समोर दिघेसर होते. भात कालवायचे थांबले होते ते, एवढं तिला आता आठवलं.

जाळीतली हाक थांबली. मादीनं मान वर केली. दूर दक्षिणेकडून, गावाच्या बाजूनं, तीच हाक नव्यानं आली. मादी क्षणभर घोटाळली. मागं थोड्या अंतरावर तिचं खरं पाडस उभं राहून ओरडत होतं, पण त्याचा आवाज भुकेनं बसला होता. पुढचा आवाज ताजा होता, निरोगी होता आणि त्याचा वास तिनं आत्ताच चाटून घेतला होता. ती पुढं निघाली. थोडं अंतर गेल्यावर तिच्या गळ्यातला हिरवा दिवा नारिंगी झाला.

एडनानं आपल्या भाषेत एक शब्द उच्चारला. मनवाला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

तिनं ते यंत्र गवतातून उपटलं. ते ऊबदार होतं. आत तापवायची तार होती, आणि पोटात, वजन हलकं राहावं म्हणून की जुन्या रीतीला मान म्हणून कोण जाणे, वाळलेलं गवत भरलेलं होतं.

---

"तुमचीच तर कल्पना, मनवाबाई!" दिघेसर खुर्चीतून उठून उभे राहिले, इतका त्यांना आनंद झाला. "तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं. तुमच्या यंत्रात एकच उणीव होती, वास. दोन मिनिटांत मादी माघारी वळायची. तुमच्या मामांनी ती कधीच सोडवली होती! कातडं कुठल्याही पाडसाचं असो, त्याला मादीच्या पाडसाच्या बसल्या जागेचं गवत चोळलं की वास तिच्याच पोराचा! मला त्या दिवशी झोप आली नाही हो. हे साहेबलोक पुस्तकं वाचून इथं पोचतात आणि आपल्याकडे गोठ्यात सगळं आहे."

"मामाचं रेडकू आधी मेलं होतं, सर. मग त्यानं कातडं काढलं."

"तेच तर."

"तुम्ही मादी आधी नेता. पाडस मग मरतं. मग त्याच्या कातड्यानं दुसरी मादी नेता."

"आम्ही कुठं मारतो? लांडगे आहेत, अस्वलं आहेत, थंडी आहे. निसर्ग आहे बाई तो. मेलेल्याचं कातडं वाया घालवायचं का?" त्यांनी काचेच्या बरणीतून बडीशेप काढून तोंडात टाकली, तिलाही पुढं केली. "तीन पक्ष आहेत. तिन्ही खूश आहेत. जगात असं कुठं पाहिलंत?"

"पाडसं चौथा पक्ष आहेत."

"ती सही करत नाहीत ना," दिघेसर म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदाला मनापासून हसले. दातांत बडीशेपेचा हिरवा कण अडकला होता. मनवा त्या कणाकडेच बघत राहिली.

घरी तिचा नवरा कौस्तुभ ओट्यापाशी उभा राहून पोहे खात होता. तो पाइपलाइनवर इंजिनिअर. माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून त्यानं बशी खाली ठेवली.

"भयंकर आहे, मनू. खरंच. पण तू 'नाही' म्हणालीस तर पुण्याहून दुसरी कुणीतरी येईल आणि 'हो' म्हणेल. पट्टा जाणारच. मधल्यामध्ये आपण मात्र बाहेर. तुझी नोकरी गेली की माझंही इथं अवघड होईल. निहूला इतकं छान रुटीन लागलंय."

"निहू कुठाय?"

"पाळण्यात. दिवसभर कुरकुर नाही की काही नाही. तुझी आठवणसुद्धा काढली नाही."

त्यानं ते कौतुकानं सांगितलं.

मनवा आत गेली. पाळणा तिच्या आवाजात गुणगुणत होता. निहिरा कुशीवर वळून गादीच्या खोळीचा कोपरा चोखत होती. निळ्या टी-शर्टचे मऊ धागे खोळीबाहेर आले होते आणि लाळेनं ओले झाले होते. मनवाला शिवणीतल्या काड्या दिसल्या. तिनं पोरीला उचललं. निहिरानं तिच्याकडे पाहिलं, ओठ काढला, अंग ताठ केलं आणि दोन्ही हात पाळण्याकडे पसरून टाहो फोडला.

"अगं, डासांच्या औषधाचा, ओकारीचा वास येतोय तुझ्या अंगाला," कौस्तुभ म्हणाला. "आंघोळ कर, मग घे. तोवर ठेव परत."

मनवानं पाळण्याची वायर खेचून काढली. गाणं अर्ध्या शब्दावर तुटलं. निहिरा मग जी रडली ती घर डोक्यावर घेऊन. मनवा भिंतीला टेकून खाली बसली, पोरीला पोटाशी धरून, अंगाला वास होता तसाच. दूध येईना. तोंडानं गाणं म्हणावं तर घसा बसलेला. पाळण्याइतकं गोड तिला जमेना. बऱ्याच वेळानं निहिरा दमून झोपली. दमून, समाधानानं नव्हे. तेवढा फरक मनवाला आता कळायला लागला होता.

---

शनिवारी गावचं सभागृह भरलं. एका बाजूला लांब टेबलावर झाकलेली मटणाची पातेली. समोर गावचे पंच, संरक्षण खात्याची एक तरुण अधिकारी, दिघेसर. मनवा निहिराला छातीला बांधूनच आली होती आणि हातात एक पोतं होतं.

"शास्त्रज्ञांना विचारते," अधिकारी बाई नम्रपणे म्हणाली. "उत्तरेचा पट्टा रिकामा करताना कळपाच्या विणीला बाधा पोचत नाही, हे आपल्याला मान्य आहे?"

"नाही," मनवा म्हणाली, आणि तिनं पोतं टेबलावर रिकामं केलं. माळावरून उपटलेल्या यंत्राचं कातडं होतं ते.

सभागृह गरम होतं. कातडं पुरतं कमावलेलं नव्हतं. पातेल्यांच्या वासावर दुसरा वास चढला. मनवानं थोडक्यात सांगितलं, माद्या कशा नेल्या जातात, मागं काय उरतं, नारिंगी दिवा कसा लागतो. एडनानं उभं राहून कासेचं सांगितलं. कुणीतरी खिडकी उघडली. एक म्हातारी तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली.

मनवाला वाटलं, झालं.

मग दिघेसर उठले. चेहरा गंभीर, हात जोडलेले. "डॉक्टर रिसबूडांचे मी आभार मानतो. आई आहेत त्या. त्यांनी आमचे डोळे उघडले. मी आत्ता, इथंच जाहीर करतो की मागं राहिलेलं एकही पाडस यापुढं माळावर राहणार नाही. कंपनी त्यांच्यासाठी संगोपन केंद्र उभारेल. गरम गोठे, यंत्रानं दूध, आणि प्रत्येकाला त्याच्या आईच्या आवाजात हाक! तंत्र आपल्याकडे आहेच. गावातल्या तरुणांना काम मिळेल."

अधिकारी बाईंनी मान डोलावली. "म्हणजे पाडसांचा मृत्युदरही खाली येईल."

"शून्यावर," दिघेसर म्हणाले.

पंचांपैकी एकानं विचारलं, "आणि नारिंगी माद्या?"

"त्या तुमच्याच."

टाळी कुठून सुरू झाली ते मनवाला दिसलं नाही. पण ती टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कुणीतरी ते कातडं दोन बोटांनी उचलून परत पोत्यात घातलं, आणि पातेल्यांची झाकणं निघाली.

"आता आपली संमती समजायची का?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"नाही," मनवा म्हणाली.

"मनवाबाई," दिघेसर जवळ येऊन मराठीत, अगदी घरच्यासारखं पुटपुटले, "केंद्राच्या प्रमुख तुम्हीच. निहिरा तिथंच खेळेल पाडसांबरोबर. का हट्ट करता?"

"नाही."

सर सभेकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "डॉक्टरांची प्रकृती बाळंतपणानंतर अजून नीट सावरलेली नाही. होतं असं. आपण पुढच्या महिन्यात दुसऱ्या तज्ज्ञांना बोलावू." आणि त्यांनी रश्शाची वाटी ओठांना लावली.

मनवा बाहेर पडेपर्यंत तिच्या फोनवरचे नकाशे, मायक्रोफोन, सगळं बंद झालं होतं.

एडना गाडीपाशी टेकून उभी होती. बंदूक मागच्या फळीवर आडवी.

"आवाजवाली, एक सांग. कातडं पांघरलेल्या त्या डब्यांना कोटा आहे?"

"कसला कोटा?"

"शिकारीचा. वर्षाला किती मारायचे, नर किती, मादी किती. तुमचं ते सगळं."

मनवाला कितीतरी दिवसांनी हसू आलं. "नाही. डब्यांना कोटा नाही."

"मग बस. फक्त एक अडचण आहे. लांबून ते पाडसासारखेच दिसतात. चुकून खऱ्यावर गोळी घातली तर मी तुझ्या त्या साहेबाहून बरी कशी?"

"मलाही कानानं फरक कळत नाही, एडना. मीच ते तसे केलेत."

"चल तर खरी."

मनवानं निहिराच्या कानांवर कामगारांचे आवाजरोधक लावले, पट्टा दोनदा तपासला, टोपी ओढली, पुन्हा पट्टा तपासला. पोरगी या दिवसांत पाळण्यावाचून झोपायला नुकती शिकत होती. कधी तास तास रडे, कधी मध्येच थांबून आईच्या तोंडाकडे नवलानं बघे.

उत्तरेच्या पट्ट्यावर वारा पडला होता. एडनानं गाडी थांबवली. उंचवट्यावरून गवतात दोन तांबूस ठिपके दिसत होते, दोन्ही बसलेले, दोन्ही स्थिर. डावीकडून हाक आली. भुकेली, घोगरी, लागोपाठ, प्रत्येक वेळी तितकीच भुकेली. मग उजवीकडून. बसलेली, मध्येच तुटणारी, एकदा नुसतीच हवा.

"कुठला?" एडनानं बंदूक खांद्याला लावली.

मनवानं डोळे मिटले. डावीकडची हाक पुन्हा आली, अचूक, तिचीच. तिनं छातीकडे लक्ष दिलं. काही नाही. कातड्याचा वास आठवला, बडीशेपेचा कण आठवला, आणि अंग आतून मिटून घट्ट झालं. मग उजवीकडून ती फाटकी हवा आली, आणि तिच्या छातीत कळ उठली, सुईसारखी, ओळखीची.

"डावा," ती म्हणाली.

"नक्की?"

"डावा, एडना. मार."

गोळी सुटली. डावीकडचा ठिपका उडाला आणि हवेत वाळलेलं गवत पसरलं, धुरळ्यासारखं, सावकाश खाली बसत गेलं. आवाजरोधक असूनही निहिरा दचकून जागी झाली आणि रडायला लागली, कर्कश, ताल नसलेलं, कुठल्याही यंत्राला शिकवण्यासारखं नसलेलं. उजवीकडचा ठिपका धडपडत चार पायांवर उभा राहिला.

दूर दक्षिणेकडे चाललेली एक मादी थबकली आणि मागं वळून बघू लागली.

निहिराचं तोंड छातीकडे वळवून मनवानं जाकिटाची चेन उघडली.